खोटा गंज, खरा गंज

ऐतिहासिक चित्रपटासाठी रंगवलेली एखादी वस्तू संग्रहालयाच्या काचेआड ठेवली जाते तेव्हा तिच्या अंगावर किमान तीन काळ एकमेकांत मिसळलेले असतात. ज्या काळाचे सोंग तिने घ्यायचे होते तो पहिला, ज्या वर्षी ती कारागिराच्या हातावेगळी झाली तो दुसरा, आणि चित्रीकरण संपल्यावर गोदामात, पोटमाळ्यावर किंवा स्टुडिओच्या अडगळीत तिने काढलेला तिसरा. शिवकाळातली म्हणून दाखवलेली ढाल १९५० च्या आसपास लाकडाच्या चकतीवर कापड चिकटवून तयार केलेली असू शकते आणि तिच्यावरची धूळ मात्र त्यानंतरच्या सत्तर वर्षांची असते. खऱ्या ढालीपुढे उभ्या राहिलेल्या अभ्यासकाला धातू कोणता, घडण कुठली, लेख आहे का, ती कोणाकडून आली, असे ठरलेले प्रश्न विचारता येतात. या दुसऱ्या ढालीपुढे ते सगळे प्रश्न लटके पडतात, कारण तिची घडण इतिहासाने ठरवलेली नसून कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने ठरवलेली असते.

नाटक-सिनेमाच्या धंद्यात पात्रांच्या हातात येणाऱ्या किंवा दृश्यात मांडून ठेवायच्या वस्तूंना सरसकट ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. ढाल, तलवार, हुक्का, समई, तख्त, पालखी, दप्तराचे रुमाल, हे सगळे प्रॉपर्टीत मोडते, तर भिंती, कमानी, खांब, जिने यांची उभारणी म्हणजे सेट. ही विभागणी हिशेबाच्या वहीपुरती पक्की असते, कारण सेट मोडल्यावर त्यातला एखादा नक्षीदार खांब उचलून बाजूला ठेवला की तोही प्रॉपर्टीच्या खोलीत जाऊन पडतो आणि पुढच्या चित्रपटात दुसऱ्याच राजवाड्याला टेकू देतो. दोन्हींत समान असतो तो रंगाऱ्याचा हात. लाकडाला लोखंड, प्लास्टरला संगमरवर, मांजरपाटाला किनखाब आणि कागदाच्या लगद्याला पितळ करण्याचे काम अखेर रंगच करतो, म्हणून या वस्तूंचा विचार करताना त्यांच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे जेमतेम कागदाच्या जाडीएवढ्या थराकडे, आधी पाहावे लागते.

या विषयाकडे पाहायला मुंबईच्या उपनगरांत मरोळइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, आणि तिथे चित्रपटाचे संग्रहालय नाही ही गोष्टही त्या सोयीत मोडते. अंधेरी-कुर्ला रस्ता चकाल्यावरून मरोळ नाका गाठतो आणि पुढे साकीनाक्याकडे वळतो. मरोळहून मरोशीच्या बाजूने निघालेला रस्ता आरे वसाहतीत शिरतो आणि वसाहतीच्या पलीकडे गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी लागते, जी १९७७ मध्ये राज्य शासनाने उभारली. दुसऱ्या अंगाला कोंडिविट्याची, म्हणजे लोकांच्या तोंडी महाकालीची, एकोणीस बौद्ध लेणी आहेत आणि त्यांच्यापासून जवळच कमाल अमरोही यांनी १९५८ मध्ये वसवलेला कमालिस्तान स्टुडिओ होता. खडकात खोदलेले स्तूप आणि मंडप एका बाजूला, काथ्या-प्लास्टरचे मंडप दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गावठाण, पाखाड्या, चर्च, मासळीबाजार व औद्योगिक वसाहत, असा हा टापू आहे. लेणी दोन हजार वर्षे टिकली. स्टुडिओतल्या मंडपांची टिकण्याची मुदत बहुधा एका चित्रपटाची होती आणि ती मुदत बांधणाऱ्यालाही ठाऊक होती.

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्याच मोहन स्टुडिओत के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’मधला शीशमहाल उभा राहिला. कलादिग्दर्शन एम. के. सय्यद यांचे होते. सुमारे दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद आणि पस्तीस फूट उंच असलेल्या या सेटला दोन वर्षे लागली, फिरोझाबादच्या कारागिरांनी त्यात आरसे बसवले, रंगीत काच बेल्जियमहून आणली गेली आणि एकट्या त्या सेटवर पंधरा लाखांहून अधिक खर्च झाल्याचे सांगितले जाते. या चित्रपटाच्या निर्मितीची हकिगत सांगताना एक यादी नेहमी येते. कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी, भरतकामाला सुरतेचे कारागीर, दागिन्यांना हैदराबादचे सोनार, शस्त्रांना राजस्थानचे लोहार, जोड्यांना आग्रा, आणि मुकुटांना कोल्हापूरचे कसबी हात. मराठी वाचकाने या यादीतल्या कोल्हापुराशी थोडे थांबायला हवे, कारण ते नाव तिथे योगायोगाने आलेले नाही. त्याकडे पुढे वळता येईल.

आसिफ यांना वस्तू खरी हवी असे, हा त्यांच्या लौकिकाचा मोठा भाग आहे. मात्र शीशमहालात खऱ्या आरशांनी त्यांच्यापुढे जो पेच टाकला तो या सबंध विषयाची गुरुकिल्ली म्हणता येईल. प्रखर दिव्यांखाली हजारो आरसे एकदम उजळले की कॅमेऱ्याला चकाकीखेरीज काही दिसेना. आरशांवर मेणाचा पातळ हात फिरवून त्यांची झळाळी मारण्याचा प्रयत्न झाला, आणि छायालेखक आर. डी. माथूर यांनी कापडाच्या पट्ट्या ठिकठिकाणी लावून प्रकाश थेट न टाकता परावर्तित करून पसरवण्याची योजना केली तेव्हा कुठे दृश्य पडद्यावर उतरू शकले. याचा अर्थ सरळ आहे. खरा आरसा आरसा म्हणून दिसण्यासाठी त्याच्यावर लेप द्यावा लागला. इतका खर्च करून आणलेली अस्सल वस्तूही कॅमेऱ्यापुढे येताच रंगवलेल्या वस्तूंच्या जातीत जाऊन बसली. म्हणूनच प्रॉपर्टीच्या बाबतीत अस्सल आणि नक्कल ही जोडी फारशी कामाची ठरत नाही. वस्तू चित्रणासाठी सिद्ध केलेली आहे की नाही, एवढाच भेद तिथे उरतो.

याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की जो प्रॉपर्टीच्या कल्पनेलाच उलटे टांगतो. शिल्पकाराने पुतळा वेळेत पुरा न झाल्याने जिवंत मुलीलाच पुतळा म्हणून उभे केले आहे, तिच्यावर पडदा आहे, सलीमच्या बाणाने तो पडदा दूर होतो आणि दगडाची मूर्ती अकबरापुढे लवते. प्लास्टरला संगमरवर करणे हा स्टुडिओतल्या रंगाऱ्याचा रोजचा धंदा, तर इथे माणसाला संगमरवर केले आहे. हा प्रसंग ज्या स्टुडिओत घडला तिथे चहूबाजूंना खोटे दगड उभे असणार हे ध्यानात घेतले म्हणजे पटकथेने आपल्याच नेपथ्याकडे डोळा मिचकावला होता की काय, अशी शंका येते.

५ ऑगस्ट १९६० रोजी ‘मुघल-ए-आझम’ मुंबईच्या मराठा मंदिरात प्रदर्शित झाला. चित्रपटगृहाचा दर्शनी भाग मुघल प्रासादासारखा सजवला होता, बाहेर पृथ्वीराज कपूर यांची चाळीस फुटी आकृती उभी होती, आणि शीशमहालाचा सेट स्टुडिओतून तिथे हलवून तिकीट काढणाऱ्यांना त्यात फिरू दिले होते. आजच्या भाषेत तो जाहिरातीचा भाग होता. तरीही मुंबईतल्या प्रेक्षकाने चित्रपटाच्या सेटकडे प्रदर्शनातली वस्तू म्हणून पाहण्याचा हा एक फार जुना आणि फार मोठा प्रसंग आहे, आणि तो संग्रहालयाच्या कल्पनेतून न येता गल्ल्याच्या हिशेबातून आला, हेही आपल्याकडच्या रीतीला धरूनच झाले. याच चित्रपटाच्या जाहिरातफलकांसाठी आसिफ यांनी जी. कांबळी यांना व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरातून आपल्याकडे ओढले. कांबळींचा हात, आसिफ यांची हौस आणि विलायती रंगांचा देशात मिळेल तेवढा साठा खरेदी करण्याची ईर्षा, यांतून ते फलक रंगले. म्हणजे या एका चित्रपटात पडद्याच्या आतही रंगारी होता आणि बाहेरही होता. बाहेरच्याचे नाव लोकांना कळले आणि आतले बहुतेक निनावी राहिले.

आता कोल्हापूर. मराठी संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रंगवलेला पडदा हा प्रयोगाचा अर्धा जीव होता. राजवाडा, रस्ता, अरण्य, नदीकाठ यांचे पडदे एकामागून एक सरकत आणि खोलीचा, अंतराचा भास रंगानेच निर्माण होई. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री या दोघा भावांनी असे पडदे रंगवण्यात नाव कमावले आणि त्यातूनच ‘पेंटर’ हे त्यांचे आडनाव होऊन बसले. आनंदराव १९१६ मध्ये वारले आणि चलच्चित्राचा दोघांनी धरलेला ध्यास बाबूरावांनी पुढे नेला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला आणि ‘सिंहगड’ १९२३ मध्ये. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि स्वतः शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. पण या निबंधाच्या दृष्टीने त्यांचा मोठा बदल निराळा आहे. पडदे रंगवून वाढलेल्या या माणसाने चित्रपटातून सपाट पडदा हद्दपार केला आणि त्याच्या जागी लांबी, रुंदी, खोली असलेले ठोस सेट उभे केले. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसलेला असतो, म्हणून त्याला सपाट राजवाडा चालतो. कॅमेरा जागा बदलतो, कडेने पाहतो, आणि कडेने पाहिले की पडद्याचा राजवाडा कापड होतो. हे ज्याला आधी उमगले तो पडद्यांचाच चित्रकार असावा, यात नवल नाही.

सेट ठोस झाले म्हणून रंगाऱ्याचे काम संपले नाही, उलट अवघड झाले. आता त्याला खोली दाखवायची नव्हती, पण द्रव्य दाखवायचे होते. बांबू-फळ्यांच्या सांगाड्यावर काथ्या आणि प्लास्टर, त्यावर सरस-खडूचा हात, त्यावर रंग, आणि शेवटी कडा-कोपऱ्यांत काळसर पाण्याचे ओघळ, अशा क्रमाने दगड तयार होतो. दागिना आणि मुकुट यांत कागदाचा लगदा, साचा, बेगड आणि सोनेरी पूड येते. देवळांच्या मखरांत, ताबूतांत, गणपतीच्या प्रभावळीत आणि नाटकमंडळ्यांच्या पेट्यांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. तीच पुढे कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंत आणि मग मुंबईच्या उपनगरांत आली. बाबूरावांच्या हाताखाली घडलेले दामले आणि फत्तेलाल हे दोघे चित्रकारच होते. १९२९ मध्ये त्यांनी शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. ‘संत तुकाराम’च्या देहूपासून १९४४ च्या ‘रामशास्त्री’मधल्या पेशवाईपर्यंत प्रभातचा इतिहास प्रेक्षकाला जो पटला, त्यात फत्तेलालांच्या रेखाटनांचा आणि त्यावरून काम करणाऱ्या निनावी हातांचा वाटा नटांच्या वाट्याहून फारसा कमी नाही, असे म्हणायला हरकत नसावी.

या वस्तूंच्या रंगाविषयी एक गोष्ट संग्रहालयात जाणाऱ्याला सहसा सांगितली जात नाही. मूकपटांच्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. ती निळा-जांभळा प्रकाश टिपे, पण लाल तिला काळा दिसे आणि निळे आकाश पांढरे फटक होई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंग कमीअधिक प्रमाणात टिपणारी, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, फिल्म रुळत गेली, पण पडदा कृष्णधवलच राहिला. त्यामुळे वस्तूचा रंग डोळ्यांना कसा दिसतो याला किंमत नव्हती, तो करड्या रंगाच्या कोणत्या छटेत उतरतो याला होती. शुभ्र कापड दिव्यांखाली उजेडाचा डाग होऊन बसे, म्हणून ते चहाच्या पाण्यातून काढून मळकट करीत. दोन निरनिराळे रंग पडद्यावर एकच दिसू शकत, आणि तेव्हा पगडी केसांत मिसळू नये म्हणून तिचा रंग इतिहासाला न विचारता बदलावा लागे. अशी वस्तू आज संग्रहालयात दिव्यांखाली ठेवली की ती भडक, विजोड, कधी कधी हास्यास्पदही दिसते, आणि पाहणारा मनात म्हणतो की त्या काळी लोकांना अभिरुची नव्हती. वास्तविक तो अशा रंगाकडे पाहत असतो जो पाहण्यासाठी लावलेलाच नव्हता. ‘मुघल-ए-आझम’ या दोन जगांच्या उंबऱ्यावर उभा आहे. चित्रपटाचा बहुतांश भाग कृष्णधवल, शीशमहालातले गाणे आणि काही रिळे रंगीत, आणि २००४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने उरलेल्या भागालाही रंग चढवलेला. तो रंग चढवताना मूळ कपड्याला किंवा भिंतीला खरोखर कोणता रंग होता हे ठरवायला वस्तू समोर असती तर किती प्रश्न सुटले असते, याची कल्पना करता येते.

कॅमेऱ्यासाठी रंगवलेले चित्र संग्रहालयात मानाने टांगलेले पाहायचे असेल तर शिकागोला जावे लागते. ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीवरून १९४५ मध्ये निघालेल्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या चित्रपटात नायक तरुण राहतो आणि त्याची पापे त्याच्या तैलचित्रावर उमटत जातात. व्हिक्टोरियाकालीन लंडनची ही कथा कृष्णधवलात चित्रित झाली, पण ते चित्र पडद्यावर आले की तेवढ्यापुरता पडदा रंगीत होत असे. सडलेल्या अवस्थेतले चित्र आयव्हन ऑलब्राइट या चित्रकाराने रंगवले आणि आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच दिग्दर्शकाने, आल्बर्ट लेविनने, एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसवरच्या १९४७ च्या ‘बेल-आमी’साठी सेंट अँथनीच्या मोहाचे चित्र हवे म्हणून नामवंत चित्रकारांत स्पर्धाच लावली, आणि परीक्षकांत मार्सेल द्युशाँ होता. मॅक्स अर्न्स्टचे चित्र निवडले गेले व चित्रपटात झळकले, ते आता जर्मनीत डुइसबुर्गच्या लेमब्रुक संग्रहालयात आहे. साल्व्हादोर दालीचे चित्र नाकारले गेले, ते ब्रसेल्सच्या शाही कलासंग्रहालयात आहे. म्हणजे पडद्यावर आलेली आणि पडद्यावर न आलेली, अशा दोन्ही वस्तू सारख्याच जपल्या गेल्या. कारण उघड आहे. त्यांच्या कोपऱ्यात सही होती. सही असलेली प्रॉपर्टी चित्र ठरते आणि सही नसलेली भंगार ठरते. या निकषावर आपल्याकडचे जवळजवळ सगळे काम भंगारात जाते, कारण काथ्या-प्लास्टरच्या खांबावर सही करण्याची रीत कुठल्याच स्टुडिओत नव्हती.

भंगारात न गेलेली वस्तू संग्रहालयात पोहोचली, तरी तिची खरी परीक्षा तिथे सुरू होते. चित्रपटाची प्रॉपर्टी भाड्याने फिरते, आणि फिरताना दर वेळी नव्याने रंगवली जाते. एकच ढाल एका चित्रपटात मावळ्याच्या, दुसऱ्यात मोगलाच्या आणि तिसऱ्यात पुराणातल्या राक्षसाच्या हातात गेलेली असू शकते आणि प्रत्येक वेळचा हात खालच्या हातावर बसलेला असतो. जुन्या तैलचित्राचे जतन करणारा तज्ज्ञ नंतर कोणी चढवलेला रंग काळजीपूर्वक उतरवून मूळ चित्राकडे जातो, कारण नंतरचा रंग त्याच्या लेखी ढवळाढवळ असते. प्रॉपर्टीच्या बाबतीत नंतरचे रंग म्हणजेच तिचे चरित्र. वरचा थर काढला तर एक चित्रपट पुसला जातो, आणि न काढला तर आधीचे तीन कधी दिसत नाहीत. यावर सरसकट उत्तर नाही. कडेला कुठेतरी नखाएवढ्या जागेत सगळे थर पायऱ्यांसारखे उघडे करून ठेवणे, आणि बाकीची वस्तू शेवटच्या रूपात राहू देणे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो.

याहून नाजूक प्रश्न जुनेपणाचा आहे. ऐतिहासिक चित्रपटात वस्तू नवी दिसून चालत नाही, म्हणून कारागीर तिला मुद्दाम जुनी करतो. तलवारीच्या मुठीवर तपकिरी-केशरी रंगाने गंज काढतो, ढालीवर पोचे पाडतो, दाराच्या कड्यांभोवती हात लागून आलेला काळेपणा रंगवतो, भिंतीवर शेवाळ चढवतो. नंतर मुंबईची हवा आपले काम सुरू करते. पावसाळ्यातल्या दमटपणाने सरस फुगतो आणि त्यावर बुरशी धरते, प्लास्टर ओल पिते, आतले लोखंडी खिळे गंजून बाहेरच्या रंगावर डाग उमटवतात, फळ्यांना वाळवी लागते, आणि सोनेरी पूड, जी प्रत्यक्षात तांब्या-जस्ताची असते, ती हिरवट काळी पडत जाते. खऱ्या सोन्याचा वर्ख असा काळा पडत नाही. अशा रीतीने काही वर्षांत त्या मुठीवर दोन गंज होतात, एक रंगवलेला आणि एक आलेला. साफसफाई करणाऱ्याच्या हातून आलेला गंज जायला हवा आणि रंगवलेला राहायला हवा. उलट झाले, म्हणजे त्याने रंगवलेला गंज घाण समजून घासून काढला, तर वस्तू चकचकीत होते आणि तिच्यातली कारागिरी तेवढीच निघून जाते. हे भय काल्पनिक नाही. नीट माहिती न देता सफाईला दिलेल्या कोणत्याही संग्रहात ते संभवते, आणि ज्याला पडद्यावरचे ते दृश्य ठाऊक आहे तोच दोन गंजांत फरक करू शकतो. म्हणून प्रॉपर्टी आणि तिचा चित्रपट एकमेकांपासून दूर ठेवून जतन करता येत नाहीत. फिल्म असेल तर वस्तू वाचता येते, आणि वस्तू असेल तर फिल्मवरच्या करड्या छटेमागचा रंग वाचता येतो.

आपल्याकडे नेमकी ही जोडी वारंवार तुटली आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर उसळलेल्या दंगलीत कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात नायट्रेट फिल्मला आग लागून जुन्या चित्रपटांच्या रिळांची राख झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओतल्या आगीत अनेक चित्रपटांचे पोशाख आणि आठवणीच्या वस्तू गेल्या आणि पुढे ती जागाही विकली गेली. अंधेरीतला नटराज स्टुडिओ व्यापारी संकुल झाला. मोहन स्टुडिओच्या जागी आता चित्रीकरण होत नाही. आगीत गेलेले निदान मोजता येते, त्याची बातमी होते. जागेचा भाव वाढल्यामुळे जे गोदामातून टेंपोत आणि टेंपोतून भंगारवाल्याकडे गेले, त्याची नोंद कुठेच नाही.

जे राहिले ते स्टुडिओचे रूपांतर शाळेत झाले म्हणून राहिले, असे दिसते. प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि प्रभातचे पोशाख, यंत्रे, रेखाटने, प्रॉपर्टी यांतले जे हाताशी होते ते इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या लहानशा प्रभात संग्रहालयात आले. मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात आणि त्याला जोडून बांधलेल्या नव्या इमारतीत राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय १९ जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. तिथे यंत्रे आहेत, भित्तिपत्रके आहेत, पडद्यावरचे तुकडे आहेत. कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी बांधलेला किल्ला चित्रपट संपल्यावरही उभा ठेवला आणि लोकांना दाखवला गेला, जो मराठा मंदिरातल्या शीशमहालाचाच पुढला, अधिक टिकाऊ अवतार म्हणता येईल. देसाई यांच्या २०२३ मधल्या निधनानंतर त्या स्टुडिओची जबाबदारी शासनाच्या चित्रनगरी महामंडळाकडे आली. उघड्यावरच्या प्लास्टरच्या तटबंदीला दर पावसाळ्यानंतर रंग द्यावा लागतो, आणि दर वेळी रंग देणारा मूळ छटा पाहून देतो की डबा उघडून देतो, यावर तो किल्ला २००८ सालचा राहतो की नाही हे ठरते.

वस्तू हलवून वाचवण्याची जाण मरोळला नवी नाही. आज सीप्झच्या कुंपणात पडक्या अवस्थेत असलेले सेंट जॉनचे चर्च १५७९ चे. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्तीने ते सोडले आणि मरोळला नवे चर्च बांधले, तेव्हा जुन्या चर्चमधल्या मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचे पात्र नव्या जागी नेले. छप्पर गेले तरी आतल्या वस्तूंचा वारसा तुटला नाही, कारण नेणाऱ्यांच्या लेखी ती पात्रे आणि त्या मूर्ती चालू उपयोगातल्या होत्या आणि कोणाच्या तरी होत्या. त्याच टापूत शंभर-सव्वाशे वर्षांनंतर उभ्या राहिलेल्या स्टुडिओंतल्या वस्तू कोणाच्याच नव्हत्या. निर्मात्याचे काम संपले की त्या भाड्याने देणाऱ्याच्या, त्याचा धंदा बसला की जागामालकाच्या, आणि जागामालकाला त्या नकोच असत. मालकी नसणे हेच त्यांच्या नाशाचे मुख्य कारण आहे, हवा आणि वाळवी ही दुय्यम कारणे.

संग्रहालयांकडून अपेक्षा फार मोठी नाही. चित्रपटाचे नाव आणि नटाचे नाव लिहिलेल्या पाटीवर आणखी चार ओळी हव्यात. वस्तू कशाची केली आहे, कोणत्या फिल्मसाठी रंगवली आहे, कॅमेऱ्यापासून किती दूर असायची होती, आणि ज्याने रंगवली त्याचे नाव माहीत असेल तर ते. शेजारी त्याच दृश्याचे कृष्णधवल छायाचित्र लावले तर पाहणाऱ्याला त्या भडक लाल रंगाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरजही उरणार नाही. आणि नायकाच्या जवळच्या दृश्यातली चांगली तलवार जपताना मागच्या रांगेतल्या शिपायांच्या, चंदेरी रंग फासलेल्या लाकडी तलवारींपैकी एखादी तरी शेजारी ठेवावी, कारण रंगाऱ्याच्या दिवसाचा बराच भाग तिच्यावर गेलेला असतो.

अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मरोळ या पट्ट्यात स्टुडिओंत काम केलेल्या सुतारांची, मोल्डरांची, पडदे रंगवणाऱ्यांची घरे अजून आहेत आणि त्यांच्या माळ्यांवर साचे, मुकुट, ढाली, रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या असणारच. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या घासूनपुसून नव्या करू नयेत, वर रंगाचा हात देऊ नये. कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारून चित्रपटाचे नाव, साल आणि रंगवणाऱ्याचे नाव शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला लिहून ठेवावे.